‘बीज दिलं त माह्याजवळचं सरते का?’

दिवाळी आटोपली होती, कापसाची वेचणी जोरात होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या केंद्रावर ती आली तेव्हा बोटांवर वाळल्या बोंडांचे ओरखडे होते. वय 27, दोन लेकरं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गावात येणाऱ्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, मूल होत नसलेल्या जोडप्यासाठी शहरात आपलं स्त्रीबीज द्यायचं, रोख पैसे मिळतात, काही होत नाही. घरी कुणाला ठाऊक नव्हतं.

"ताई, बीज दिलं त माह्याजवळचं सरते का? उद्या अजून लेकरू पाह्यजे असलं त?"

हा प्रश्न मला नेहमी येतो. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत 10 ते 20 लाख कच्ची बीजं असतात. पाळी येईपर्यंत 3-4 लाख उरतात, आणि जन्मभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम 400-500. पण लाखांच्या आकड्यांनी तिची भीती हलेना. मग कापसाच्या झाडावरूनच विचारलं, "पऱ्हाटीले पात्या किती लागतात?"

"मोप."

"अन् बोंडं?"

"किती त पात्या गळूनच जातात."

अंगातही दर महिन्याला तीच पातेगळ, म्हणजे कळ्यांची गळती, असते. बीजांचा एक घोळका वाढीला लागतो, त्यातलं एक पिकतं, बाकीची विरून जातात. बीज देणारीला देतात ती इंजेक्शनं त्या महिन्यात गळून जाणाऱ्यांनाच धरून ठेवतात. पुढच्या साठ्याला हात लागत नाही. हे तिला लगेच पटलं.

पण तिला एवढ्यावर घरी पाठवणं मला पटलं नसतं. साधारण 8 ते 12 दिवस रोज इंजेक्शन, शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे 36 तासांनी भूल देऊन सोनोग्राफीत बघत सुईनं बीजं काढतात. बीजकोश सुजलेले असतात, वजन उचललं तर क्वचित पीळ पडतो. पोट फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली तर थेट दवाखाना गाठायचा. त्या महिन्यात दिवस राहण्याचीही भीती असते.

"गाठोडं डोक्यावर घेतल्याबिगर कसं होईन, ताई?" इथे ती पहिल्यांदा थबकली.

मग हळूच बोलली, ती बाई म्हणते तीनदा देता येते, दुसऱ्या वेळी जावेचं आधार लावू. मला फार राग आला. कृत्रिम गर्भधारणेबाबतच्या 2021च्या कायद्यानं 23 ते 35 वयाची बाई जन्मात एकदाच बीज देऊ शकते, 7 पेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत, बीजाची विक्री गुन्हा आहे आणि मूल हवं असलेल्या जोडप्यानं देणारीचा 12 महिन्यांचा विमा काढायचा असतो. जावेच्या नावानं टेबलावर झोपलीस आणि काही झालं, तर कागदावर तू नसशीलच, विमाही तुझा नसेल, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

"लेकरू माह्यासारखं दिसन?"

"दिसू शकतं. कायद्यानं ते त्यांचंच, तुझा हक्क नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. आपल्या भागात सिकलसेल हा आईबापांकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार जास्त, म्हणून ती तपासणी तेवढी करून घे म्हटलं. बीज देवो न देवो, तिच्या लेकरांसाठीही ती कामाची. रक्त देऊन ती गेली.

संक्रांतीच्या आधी नवऱ्याला घेऊन आली. त्यानं आधी हेच विचारलं, "इले कामाले किती दिवस नाही न्याचं, मॅडम?"

पुढची पाळी येईपर्यंत, मी म्हटलं, आणि खुर्ची पुढे केली.