कमोड घेण्याआधी टेप लाव
दुकानात जाण्याआधी बाथरूममध्ये मोजायची टेप लाव. कमोडचा सांडपाण्याचा पाइप जमिनीतून येत असेल तर एस-ट्रॅप कमोड लागेल, भिंतीतून असेल तर पी-ट्रॅप. एस-ट्रॅपसाठी टाइल लावलेल्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोज. 9 इंच की 12, ते बघूनच कमोड घे. रंग-डिझाइन नंतर. प्लंबर कमोड आणि पाइपच्या सांध्यात नुसतं पांढरं सिमेंट थापायला निघाला तर थांबव. रबरी सीलचा पॅन कनेक्टर (कमोड पाइपला जोडणारा तुकडा) लावून घे, म्हणजे पुढे कमोड काढायची वेळ आली तर फोडाफोड नको. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचं पाणी जाणाऱ्या जाळीखालच्या भांड्यात) 50 मिमी तरी पाणी उभं राहायला हवं, नाहीतर वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. मिस्त्रीचा हिशोब चुकता करण्याआधी बादलीभर पाणी ओतून फरशीचा उतार जाळीकडे आहे का बघ. तो कुरकुरेल, कुरकुरू दे.