सोरायसिस असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने आधी त्वचेवर उपचार घ्यावेत की मनावर?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहात, वर्षभरापूर्वी कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिस, म्हणजे खपल्यांच्या लाल चट्ट्यांचा त्वचाविकार, निघाला, परीक्षा जवळ आली की चट्टे वाढतात, आणि आता वॉर्डात रुग्णाला हात लावतानाही संकोच वाटतो. मी एका उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण विसाव्या वर्षापासून हा आजार माझ्या अंगावर आहे, आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

दोन्हीकडे एकाच वेळी पाहावे, आणि त्याही आधी स्वतःच्या नावाचा केसपेपर काढावा. ताणाने सोरायसिस उफाळतो आणि उफाळलेल्या सोरायसिसने ताण वाढतो. यात आधी कोण हे ठरवत बसले की उपचाराचे महिने हातचे जातात. या चक्रातल्या सायटोकाइनचे, म्हणजे दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचे, तुम्हाला पॅथॉलॉजीत शिकवलेलेच असेल. केसपेपरचे मात्र मी सविस्तर सांगणार आहे, कारण मी तो दीड वर्ष काढला नव्हता.

वैद्यकीय महाविद्यालयात आजारी पडलेला विद्यार्थी रुग्ण होतच नाही. तो ओळखीच्या निवासी डॉक्टरला जिन्यात गाठतो, बाही वर करून दाखवतो, मलमाचे नाव ऐकतो आणि पुढच्या लेक्चरला जातो. नोंद नाही, फेरतपासणी नाही, आणि इतर कोणती औषधे चालू आहेत हे कोणी विचारत नाही. मीही तेच केले. क्लोबेटासॉल या तीव्र स्टेरॉइड मलमाची एक ट्यूब संपली की दुसरी आणायची. चट्टे काही दिवस पातळ पडायचे आणि मलम थांबवले की पुन्हा जोमाने यायचे. वसतिगृहात खोलीतली मैत्रीण उठायच्या आत मी पलंगपोस व्हरांड्यात नेऊन खपल्या झटकत असे. पांढऱ्या अ‍ॅप्रनवर त्या दिसत नाहीत, हे ध्यानात आल्यावर मी मेसमध्येही अ‍ॅप्रन घालून जाऊ लागले, आणि गडद रंगाचे सगळे कुडते दिवाळीच्या सुटीत घरी ठेवून आले.

२०१४ साली आमच्या बॅचची स्किन ओपीडीत पोस्टिंग लागली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सरांना सोरायसिस शिकवायचा होता आणि नेमका त्या दिवशी एकही रुग्ण आला नव्हता. तेव्हा एका मुलाने, अगदी निर्मळ मनाने, सांगितले, "सर, हिला आहे." सरांनी मला पुढे बोलावले, स्टुलावर बसवले आणि बाही वर करायला सांगितले. मला विचारले नाही. ट्रेमधली एक काचेची स्लाइड उचलून त्यांनी तिच्या कडेने माझ्या कोपरावरचा चट्टा खरवडायला सुरुवात केली. आधी मेणबत्ती खरवडल्यासारखा पांढरा भुगा पडला, मग खालचा ओलसर पातळ पापुद्रा निघाला, आणि मग टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे लाल ठिपके वर आले. "ऑस्पिट्झ," सरांनी सोरायसिसच्या या खुणेचे नाव सांगितले, आणि वीस जणांनी ते वहीत लिहून घेतले. मागच्या दोघांना नीट दिसले नव्हते, म्हणून सरांनी शेजारच्या जागी पुन्हा एकदा खरवडून दाखवले. मग त्यांनी मलाच विचारले, "आता तूच सांग, कोब्नर फिनॉमिनन म्हणजे काय?" मी बाही तशीच वर धरून, कोपरावर रक्ताचे ठिपके असताना, जखम झालेल्या निरोगी त्वचेवर त्याच रोगाचे नवे चट्टे उमटतात, असे बिनचूक उत्तर दिले. सरांनी शाबासकी दिली. कापसाचा बोळा कोणी दिला नाही. मी रुमाल दाबून धरला. साधारण दोन आठवड्यांनी, स्लाइड चट्ट्यावरून घसरून जिथे चांगल्या त्वचेला लागली होती तिथे, बोटभर लांबीची खवल्यांची नवी रेघ उमटली.

उरलेल्या पोस्टिंगला मी गेले नाही. हजेरी कमी पडली तेव्हा सर म्हणाले, "डॉक्टराने इतके हळवे असून कसे चालेल?" खोलीतल्या मैत्रिणीचे म्हणणेही फार वेगळे नव्हते. तिच्या मते माझ्यामुळे वीस जणांना एक गोष्ट कायमची समजली होती, आणि उद्या डॉक्टर होणाऱ्यांनी स्वतःच्या शरीराकडे तटस्थपणे पाहायला शिकलेच पाहिजे. त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. आता ते देते. तटस्थता आपण दुसऱ्याचा आजार पाहताना बाळगायची असते. ज्याला आजार आहे त्याच्याकडून ती मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. ओपीडीत आलेल्या शेतकऱ्याला निदान "नको" म्हणून उठून जाता येते. विद्यार्थ्याला तेही करता येत नाही, कारण पोस्टिंग पूर्ण झाल्याची सही त्याच हातात असते, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथल्या गप्प बसण्याला संमती म्हणत नाहीत. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे वेगळे एटकॉम मॉड्यूल आहे, हे फार चांगले झाले. मात्र विद्यार्थी हाही रुग्ण असू शकतो, हे शिक्षकांनी त्यात धरले नाही तर ते अपुरेच राहील. तुम्हाला कोणी असे पुढे बसवले तर उठून उभे राहा आणि "मला हे नको आहे" एवढेच म्हणा. सही बुडाली तर ती नंतर मिळवता येते.

माझा केसपेपर निघाला तो त्याच विभागातल्या एका व्याख्याता मॅडममुळे. जिन्यात मी बाही वर करू लागले तेव्हा त्यांनी थांबवले आणि सांगितले, "इथे नको. उद्या खिडकीवर केसपेपर काढ आणि नंबर लावून आत ये." दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून घेतले, मगच तपासले. सोरायसिसची तीव्रता मोजण्याचा पासी नावाचा निर्देशांक लाली, जाडी, खपल्या आणि व्यापलेली जागा एवढेच पाहतो. त्यानुसार माझा आजार सौम्य होता. मग त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद पुढे केला. कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी १९९४ साली तयार केलेली ही डीएलक्यूआय प्रश्नावली गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली का, कपडे निवडताना अडले का, अभ्यासावर परिणाम झाला का, असे साधे प्रश्न विचारते. गुण शून्य ते तीस असतात आणि दहाच्या वर गेले की आयुष्यावर फार मोठा परिणाम होत आहे असे धरतात. माझे एकोणीस आले. दीड वर्षात मला हे कोणी विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, ती तुम्हीही तपासून पाहा. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हात थरथरू नयेत म्हणून अनेक विद्यार्थी प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली, हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी घेतात; मी परीक्षेच्या आधीपासून महिना-महिना रोज घेत असे. बीटा ब्लॉकरने सोरायसिस बिघडू शकतो हे मी फार्माकोलॉजीत पाठ केले होते, पण ते माझ्याच कोपरांना लागू आहे हे मनात आले नाही. "परीक्षा आली की चट्टे वाढतात" असे तुम्ही लिहिले आहे, त्यात ताणाबरोबर अशी एखादी गोळी, जागरणे, सिगारेट किंवा नुकताच येऊन गेलेला घशाचा संसर्ग आहे का, हे आधी पाहा. नंतर मला ३११ नॅनोमीटरच्या नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील किरणांचे उपचार आठवड्यातून तीनदा दिले, आणि त्याच केसपेपरवर मानसोपचार विभागासाठी चिठ्ठीही लिहिली. समुपदेशनाने आधी झोप सुधारली, चट्टे त्यानंतर कमी झाले. ते गेले म्हणून मी पूर्वीसारखी झाले असे नाही. पहिल्यांदा आखूड बाहीचा कुडता घालून वॉर्डात गेले तेव्हा कोपरे स्वच्छ होती, तरी मी हात अंगाशी आवळूनच चालत होते.

मानसोपचार विभागाची पायरी चढताना आपल्या बॅचचे कोणी पाहील, ही भीती मला ठाऊक आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने २०२४ साली अहवाल दिला; त्याच्या ऑनलाइन सर्वेक्षणात २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. उत्तरे ज्यांनी आपणहून दिली त्यांचीच आहेत, त्यामुळे आकडा जपून वाचावा. पण त्या रांगेत तुम्ही एकटे नसाल एवढे तो नक्की सांगतो. महाविद्यालयात जायचेच नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर मात्र चट्टे बरे होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळे शिक्षक त्या सरांसारखे नसतात, आणि तेही रुग्णांशी कधी कठोर वागलेले मी पाहिले नाही. क्लोबेटासॉल हे वाईट औषध नाही. देखरेखीशिवाय महिनोन्महिने लावणे वाईट. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र मित्राच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नका, कारण त्या बंद केल्यावर पुवाच्या फोडांचा गंभीर सोरायसिस उद्भवू शकतो. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले तर ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, रोज नव्हे, आणि ही चूक डॉक्टरांच्या घरातही झालेली मी पाहिली आहे. प्रोप्रॅनोलॉल रोज घेत असाल तर एकदम तोडू नका, विचारून कमी करा. आणि सकाळी उठल्यावर बोटे किंवा कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असेल, तर परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. सोरायसिस सांध्यांत उतरला असेल तर उशिराने झालेले नुकसान भरून निघत नाही, आणि ते उद्याच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहून घ्या.