आजी हरिपूरला चालत कशी जाते

प्रिय मनू,

परवा फोनवर विचारलंस, "गुडघे दुखतात म्हणून आजी जिना चढत नाही, मग श्रावणी सोमवारी हरिपूरला चालत कशी जाते? देव गुडघे बरे करतो का?" तेवढ्यात फोन कटला, म्हणून मस्कतहून लिहितोय.

जिन्याचं सोपं आहे. चढताना गुडघ्यांवर जेवढा भार येतो, तेवढा सपाट रस्त्यावर येत नाही.

देवाचं मला सांगता येणार नाही, आजीचं सांगतो. 2019 च्या महापुरात तिला मिरजेला आत्याकडे ठेवलं होतं. ना गणपतीचं देऊळ, ना घाटावरच्या बायका. खाण्यापिण्याची कसलीच आबाळ नव्हती, तरी सांगलीला परतली ती भिंत धरून चालत. पाणी ओसरलं, देवळाची फेरी सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत भिंत सुटली. त्या फेरीत काय काय येतं बघ. सकाळी अंघोळ करून लुगडं नेसून बाहेर पडायचं, प्रदक्षिणा घालायच्या, मग तासभर गप्पा. एक दिवस चुकला की दुपारी कुणीतरी दारात हजर, "काय वैनी, आज दिसला न्हाईसा?"

अमेरिकेत 74,534 नर्सबायकांची 16 वर्षांची माहिती तपासली होती, 2016 मध्ये छापून आली. बहुतेक ख्रिस्ती. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघालं. तू म्हणशील, ज्यांना चालवतं त्याच जातात की! खरंय. म्हणून त्यांनी आधीचे आजारही हिशेबात धरले, तरी फरक उरलाच. त्यातला काही वाटा माणसांच्या आधाराचा, काही सिगारेटपासून लांब राहण्याचा. (आजीच्या मिश्रीचा विषय तूर्त नको.)

उपवासावरून मात्र माझं-तिचं पटत नाही. मधुमेहाची गोळी घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत पोटात काही नाही, वर हरिपूरच्या संगमेश्वराच्या देवळापर्यंत चालायचं! गेल्या श्रावणात घाटावर तिला भोवळ आली होती. तुला कुणी सांगितलं नसेल. गोळीचं डॉक्टरांना विचारायला आईला सांगितलंय. तू सोमवारी तिच्याबरोबर जा. हात धरू नकोस, चिडेल. पिशवी मात्र तू घे आणि तिच्या नकळत त्यात खडीसाखरेची पुडी टाक.

तुझा,
बाबा