ऑबर्नला मोबाइल होम भाड्याने घेताय? आधी वादळात कुठे जाणार ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात पोस्टडॉक मिळालंय, ऑगस्टमध्ये नवरा आणि चार वर्षांच्या मुलासह येताय, दिवाळीनंतर सासूबाई काही महिने राहायला येणार आहेत. गावाबाहेर एका पार्कात, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीत, दोन बेडरूमचं मोबाइल होम अपार्टमेंटपेक्षा बऱ्याच कमी भाड्यात मिळतंय. मालक म्हणतो, घर सगळं कोडप्रमाणे आहे, वादळाची काळजी करू नका. त्यावर विसंबावं का, असं तुम्ही विचारलंत.

ऑबर्न ज्या ली काउंटीत (जिल्ह्यात) आहे तिथेच मी राहतो आणि सुरुवातीची वर्षं आम्हीही सिंगल-वाइडमध्ये, म्हणजे एकाच भागाच्या मोबाइल होममध्ये, काढली, म्हणून सविस्तर लिहितो. घर घ्यायला हरकत नाही, पण एका अटीवर: पाच-सात मिनिटांत पोचता येईल आणि रात्री दोन वाजताही उघडी मिळेल अशी पक्की जागा जवळ हवी. ती नसेल तर भाडं कितीही कमी असलं तरी घेऊ नका.

मालक खोटं बोलत असेल असं नाही. फक्त तो कोड नेमकं काय मागतो ते समजून घ्या. ही घरं कारखान्यात पोलादी चौकटीवर बांधतात, चाकांवर ओढत आणतात आणि काँक्रीट ब्लॉकच्या खांबांवर टेकवतात. खालची पोकळी दिसू नये म्हणून भोवती स्कर्टिंग लावतात. आपल्याकडच्यासारखा पाया बहुधा नसतोच. १५ जून १९७६ पासून अशा प्रत्येक घराला केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा, म्हणजे 'हड'चा कोड लागू आहे. घराच्या प्रत्येक भागाला बाहेरून छोटी लाल धातूची पट्टी असते, ती त्याची खूण. त्याआधीचं घर असेल तर पुढे काही विचारूच नका, सोडून द्या.

आतल्या बाजूला, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारामागे, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात, एक कागद चिकटवलेला असतो. त्याला डेटा प्लेट म्हणतात. घर कधी बांधलं आणि कोणत्या विंड झोनसाठी, म्हणजे वाऱ्याच्या जोरानुसार ठरवलेल्या कोणत्या विभागासाठी, बांधलं ते त्यावर असतं. मालकाकडून याचा फोटो मागवा. बांधल्याची तारीख जुलै १९९४ नंतरची असेल तर बरं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातली मोबाइल होम्स अक्षरशः झाडून नेली, त्यानंतर वाऱ्याचे नियम कडक झाले. झोन दोनमधलं घर ताशी १०० मैल आणि झोन तीनमधलं ११० मैल वाऱ्यासाठी बांधावं लागतं. फ्लोरिडात पुढे २००४ मध्ये चार्ली वादळ आलं तेव्हा या नियमांनंतरची घरं जुन्यांपेक्षा कितीतरी बरी टिकली.

पण या झोनचा नकाशा समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळांसाठी आखलेला आहे, आणि ऑबर्नच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. अलाबामात किनाऱ्याच्या 'मोबाइल' (हे काउंटीचं नाव) आणि बाल्डविन या दोनच काउंट्या झोन दोनमध्ये आहेत. बाकी सगळं राज्य, ली काउंटीसकट, झोन एकमध्ये. झोन एक म्हणजे ताशी ७० मैल, सुमारे ११३ किलोमीटर. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ढोबळमानाने एवढाच होता, आणि तेव्हा पत्र्यांचं आणि नारळी-पोफळीच्या बागांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे टॉर्नेडोच्या, जमिनीवरून जाणाऱ्या प्रचंड वावटळीच्या, पट्ट्यातल्या आपल्या भागातल्या घरांना सगळ्यात हलका नियम लागू आहे. 'कोडप्रमाणे' या शब्दाचा अर्थ इथे एवढाच.

३ मार्च २०१९, रविवार. दुपारी दोननंतर बोरिगार्ड भागातून टॉर्नेडो गेला. ऑबर्नपासून हे ठिकाण फार लांब नाही. वाऱ्याचा वेग ताशी १७० मैलांपर्यंत होता असा राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज आहे. २३ माणसं गेली आणि त्यातली १९ अशाच घरांमध्ये होती. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना काही घरांना जमिनीतल्या अँकरशी (खिळ्यांशी) बांधणारे पोलादी पट्टे गंजून तुटलेले दिसले, तर काही घरं जमिनीला नीट बांधलेलीच नव्हती. इतक्या वाऱ्यात साधी लाकडी घरंही मोडली, हे खरं. पण पाया असलेलं घर मोडतं तेव्हा आतली एखादी न्हाणी, एखादा कोपरा उभा राहू शकतो. मोबाइल होम चौकटीसकट उचललं जातं किंवा गडगडत जातं, आणि मग आत लपायला जागाच उरत नाही. अमेरिकेत टॉर्नेडोत मरणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक मोबाइल होममधले असतात, आणि त्यात राहणारे एकूण लोकसंख्येत अगदी थोडे आहेत. या आकड्याने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मग अँकरचा उपयोग काय, असं वाटेल. उपयोग मोठा आहे. बहुतेक टॉर्नेडो कमी ताकदीचे असतात, आणि साध्या गडगडाटी वादळातला साठ-सत्तर मैलांचा वारा तर इथे दरवर्षीचाच. अशा वाऱ्यात नीट बांधलेलं घर जागेवर राहतं, न बांधलेलं कलंडतं. म्हणून घर बघायला कुणी गेलं तर स्कर्टिंगचा एक तुकडा काढून टॉर्चने खाली बघायला सांगा. चौकटीपासून जमिनीतल्या अँकरपर्यंत पोलादी पट्टे ताणलेले दिसले पाहिजेत, दोन्ही लांब बाजूंनी ठरावीक अंतरावर आणि टोकांनाही. हाताने हलवला तर पट्टा ढिला लागता कामा नये. जिथे तो मातीला टेकतो तिथे आणि एसीचं पाणी टपकतं तिथे गंज आधी धरतो. केंद्राच्या नियमाप्रमाणे एकेका अँकरने ३,१५० पौंड, म्हणजे सुमारे १,४३० किलो ओढ सहन करायला हवी. गंजलेला पट्टा त्याच्या आसपासही जात नाही. ब्लॉकचे खांब तिरके झालेत का तेही बघा. कारपोर्ट किंवा ओसरी घराला मागाहून जोडलेली असेल तर जास्त सावध राहा, कारण वारा आधी ती उखडतो आणि तिच्याबरोबर छताचा तुकडाही जातो. पट्टे शेवटचे कधी तपासले, कुणी ताणले, हे मालकाला ईमेलवर विचारा. या घरांची बसवणी परवानाधारक माणसानेच करायची असते, आणि त्यावर मॉन्टगोमेरीतल्या अलाबामा मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग कमिशनची देखरेख असते. तक्रारही तिथेच करता येते.

पण हे सगळं ठीकठाक असलं तरी टॉर्नेडो वॉर्निंग, म्हणजे टॉर्नेडोच्या धोक्याची सूचना, आल्यावर त्या घरात थांबायचं नाही. बाथटबमध्ये नाही, पलंगाखाली नाही, घरात कुठेच नाही.

आता निघायचं कुठे? मिनेसोटात याचं उत्तर कायद्यानेच दिलंय. तिथे दहा किंवा अधिक घरांच्या पार्कला १ मार्च १९८८ नंतर पहिला परवाना मिळाला असेल तर पार्कनेच निवारा बांधावा लागतो, आणि जुन्या पार्कांना निवारा किंवा लोकांना सुरक्षित जागी हलवायची मंजूर योजना ठेवावी लागते. बहुतेक राज्यांत असं काही नाही, म्हणून इथे ते तुम्हालाच शोधावं लागेल. आधी पार्कच्या मॅनेजरला विचारा की निवारा आहे का, किती माणसांचा आहे, कुलूप कोण उघडतं. "शेजारचं चर्च आहे ना" एवढ्यावर समाधान मानू नका. चर्च रात्री उघडतं का, चावी कुणाकडे असते, हे विचारा. मग ली काउंटीच्या इमर्जन्सी मॅनेजमेंट एजन्सीला फोन करून जवळचं सार्वजनिक आश्रयस्थान कोणतं आणि ते कधी उघडतात हे विचारा. काही ठिकाणी जमिनीत किंवा जमिनीवर काँक्रीटच्या सेफ रूम आहेत. 'फेमा'च्या, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, निकषांप्रमाणे बांधलेली असेल तर ती ताशी २५० मैल वाऱ्यासाठी असते, आणि त्याहून चांगली जागा नाही. विद्यापीठातल्या तुमच्या विभागाच्या इमारतीतली सुरक्षित जागा आणि तुमचं कार्ड रात्री चालतं का, हेही पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

वेळेचं गणित कोकणातल्या वादळापेक्षा अगदी निराळं आहे. निसर्गच्या वेळी आदल्या दिवसापासून गावं हलवता आली होती. इथे वॉर्निंग आल्यापासून हातात दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर चांगलं, आणि कधी तेवढीही मिळत नाहीत. मूल झोपेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, बाहेर धो धो पाऊस. त्यांना तीन पायऱ्या उतरवून गाडीत बसवण्यातच वेळ जाईल. म्हणून पक्क्या घरात राहणारा माणूस वॉर्निंगला हलतो, तुम्ही वॉचला हला. वॉच म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे. ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर ते काही तास आधी देतं. वॉर्निंग म्हणजे टॉर्नेडो रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलाय, आणि आपल्या काउंटीसाठी ती बर्मिंगहॅमचं कार्यालय देतं. त्याच सेंटरचा अंदाज दिवस-दोन दिवस आधीच पाच पायऱ्यांत येतो: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. आमच्या घरी नियम असा होता की रात्रीसाठी एन्हान्स्ड किंवा त्याच्या वर असेल तर जेवून सरळ ओळखीच्यांकडे झोपायला जायचं. इथली मराठी आणि एकूणच भारतीय मंडळी यासाठी दार उघडतात, संकोच करू नका. बहुतेक वेळा सकाळी काहीच झालेलं नसतं. तरीही जायचं.

अलाबामात टॉर्नेडोचे दोन हंगाम असतात. मार्च ते मे हा मुख्य, आणि दुसरा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. म्हणजे सासूबाई नेमक्या त्यातच येतात. रात्रीचे टॉर्नेडो इथे नवे नाहीत आणि भोंग्यावर अवलंबून राहू नका, तो घराबाहेर असलेल्यांसाठी असतो, एसी चालू असताना आत झोपलेल्याला ऐकू येईलच असं नाही. बॅटरीवरही चालणारा एनओएए वेदर रेडिओ, म्हणजे सरकारी हवामान सूचना ऐकवणारा रेडिओ, घ्या, फार महाग नसतो. त्यात ली काउंटीचा कोड ००१०८१ भरा, म्हणजे फक्त आपल्या काउंटीच्या सूचनेला तो वाजेल. इंडियानात २००५ च्या नोव्हेंबरमध्ये इव्हान्सव्हिलच्या पार्कावर रात्री टॉर्नेडो आला, माणसं झोपेतच सापडली. त्यानंतर २००७ मध्ये त्या राज्याने नव्या मोबाइल होममध्ये हा रेडिओ सक्तीचा केला. तुम्हाला कुणी सक्ती करणार नाही, तरी पहिल्या दिवशी घ्या. फोनवरच्या सरकारी सूचना बंद करू नका. रात्री फोन सायलेंटवर ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा.

दाराजवळ एक पिशवी तयार असू द्या: सगळ्यांचे बूट, पासपोर्ट आणि व्हिसाच्या कागदांच्या प्रती, सासूबाईंची औषधं, टॉर्च, आणि प्रत्येकासाठी हेल्मेट. मुलाला सायकलचं चालेल. डोक्याला उडत्या वस्तूंचा मार लागणं हे इथे मृत्यूचं मोठं कारण आहे. रस्त्यात सापडलात तर पुलाखाली थांबू नका, तिथे वारा उलट जोर धरतो. काहीच उपाय नसेल तर गाडीपासून लांब एखाद्या खोलगट जागेत डोकं झाकून आडवं व्हायचं. हा अगदी शेवटचा पर्याय आहे.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तळमजल्यावरचं छोटं अपार्टमेंट घ्या, जिथे आतली, खिडकी नसलेली न्हाणी असेल. पोस्टडॉकच्या पगारात ते जड जाईल हे मला माहीत आहे. पण पहिल्या हिवाळ्यात नवा देश, लहान मूल आणि सासूबाई एकत्र असताना रात्री-अपरात्री गाडी काढणं त्याहून जड जाईल. सासूबाई परत गेल्यावर, गाव ओळखीचं झाल्यावर मोबाइल होममध्ये जायचं तर खुशाल जा.

तरीही हेच घर घ्यायचं ठरलं तर सही करण्याआधी मला पार्कचा पत्ता, डेटा प्लेटचा फोटो आणि मॅनेजरचा नंबर पाठवा. येत्या शनिवारी मी टॉर्च घेऊन पट्टे बघून येतो, आणि तिथून जवळच्या आश्रयस्थानापर्यंत गाडीने किती मिनिटं लागतात तेही मोजून कळवतो.