आई परदेशात आली आणि आमचं बोलणंच बंद झालं

मे महिना लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी ठरावीक फोन येऊ लागतात. शिकायला परदेशी गेलेली मुलं आणि त्यांना भेटायला गेलेले आईवडील यांचे. आमच्या यवतमाळकडचे शेतकरी पालक जायचे तर याच दिवसांत जातात, कारण मृगाच्या आत घरी परतायचं असतं. मुलांची तक्रार बहुतेक एकच असते: "एवढा पैसा घालून फिरवतो, पण त्यांना कशाचं कौतुकच नाही. वरून भांडणं."

दारव्ह्याकडच्या एका मुलीचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि दोघी मायलेकींना विचारूनच लिहितेय. मुलगी जर्मनीत कोलोनला शिकते. आई पहिल्यांदाच विमानात बसलेली. मुलीने महिनाभर आधी कागद तयार केला होता: पहिल्या दिवशी कॅथेड्रल, मग ऱ्हाइन नदीत बोट, ॲमस्टरडॅम, आणि रात्रीच्या बसने पॅरिस. कोलोनच्या त्या चर्चचं बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये पुरं झालं. हे सगळं तिने आईला रांगेत उभं असतानाच सांगितलं. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. निंदण-वेचणीत गुडघे झिजलेली बाई. "चढशील ना?" म्हटल्यावर "हो" म्हणाली आणि मध्येच भिंतीला टेकून बसली. मागून येणारे लोक अंग चोरून वर जात होते. मुलगी चिडली, "आधी सांगायचं ना!" तेव्हापासून अबोला.

"रोज दुपारी तिचं डोकं दुखतं आणि तोंड पाडून बसते," मुलगी मला फोनवर म्हणाली. मी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिते? तिला सांगता येईना. मग आईलाच फोन द्यायला लावला. आईने आवाज बारीक करून सांगितलं, "बाहेर बाथरूमले एक युरो लागते बाई. शंभर रुपये! म्हणून मी पाणीच पेत नाही."

रुसवा म्हणून मुलगी जे बघत होती, त्यातलं निम्मं तहानेचं होतं. अशा वेळी मानसशास्त्र बाजूला ठेवावं लागतं. मी मुलीला सांगितलं, सकाळी निघतानाच आईच्या हातात नाणी दे. दरवेळी मागावे लागले तर ती मागणार नाही. ज्या बाईने घरातला पैसा वर्षानुवर्षं डब्यात सांभाळला, तिला लेकीपुढे हात पसरायला लावू नये.

रुपयांचं दुखणं मात्र खोल होतं. कॉफी घेतली की आई म्हणायची, "म्हणजे साडेतीनशे!" मुलीला तो टोमणा वाटायचा. शिक्षणकर्जासाठी घरचं शेत बँकेकडे गहाण आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. त्यात खोलीचं भाडं, विमा, जेवण. हे सगळं पोरीने कसं भागवलं, हे आईला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ती कॉफीच्या कपावरून हिशोब लावत होती. मला यात चिकटपणा दिसला नाही, काळजी दिसली.

मी मुलीला विचारलं, ज्या हॉटेलात तू काम करतेस, तिथे आईला नेलंस का? "नाही." का? "तिथे मी भांडी धुते, मॅडम. बाबा गावात सांगतात, पोरगी इंजिनीअर होऊन राहिली." बाहेरदेशच्या विद्यार्थ्याला तिथे वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करता येतं, बहुतेक मुलं करतात, यात लाज कसली? पण पॅरिसची घाई कशासाठी होती ते मला कळलं. आईला एवढं दाखवायचं, की खोली आणि काम बघायला वेळच उरू नये.

पॅरिस रद्द केलं. तिकिटाचे पैसे बुडाले, त्यावरून आणखी एक भांडण झालं. ते व्हायचंच होतं.

पुढचा कार्यक्रम आईने ठरवला. कॉलेज, लायब्ररीतली लेकीची खुर्ची, किराणा घेते ते दुकान, शेजारची इराणी मैत्रीण. दिवसाला एकच ठिकाण आणि दुपारी झोप. रविवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी नदीकाठी दशम्या आणि जवसाची चटणी. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, त्यामुळे घाई करायचं काही कारणच नव्हतं. आई ट्रामने एकटी दुकानात जाऊन कांदे घेऊन आली, तेव्हा म्हणे त्या दिवशी स्वयंपाक करताना तिची बडबड थांबत नव्हती. हॉटेलच्या मागच्या दाराशीही दोघी जाऊन आल्या. आईने एवढंच विचारलं, "हिवाळ्यात पाणी गरम राहते ना वं?"

आता बाबांची पाळी आहे. कापूस वेचून झाला की जायचं म्हणतात. मुलीला सांगितलंय, त्यांचा प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा लागेल. पण शुगर आणि गुडघ्याचं जुनं दुखणं त्यात धरलंय का, ते कागद वाचून बघ. आणि मनोऱ्याचं नावही काढू नकोस, ते स्वतःहून म्हणाले तर गोष्ट वेगळी.