‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे, अकरा माणसं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर नेहमीच्या स्टीलवाल्याचा मेल आला, ‘बँक खातं बदललंय, बिल नव्या खात्यात भरा.’ भरलं. पावणेचार लाख गेले, आणि स्टीलवाल्याला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. मुलगी मँचेस्टरला एमएस्सी करते. तिचं विद्यापीठ तिथल्या सायबर सुरक्षा हबमध्ये भागीदार आहे म्हणे, तिथे तिला प्रोजेक्ट करायचाय. विद्यापीठ अशा ठिकाणी नेमकं करतं काय? आणि असं केंद्र पुण्यात असतं तर माझे पैसे वाचले असते का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : पैसे वाचायला केंद्र नाही, एक फोन पुरला असता. मेलमधल्या नंबरवर नव्हे. स्टीलवाल्याचा जो नंबर वर्षानुवर्षं तुमच्या मोबाइलमध्ये आहे, त्यावर. रागावू नका, मी स्वतः इंजिनिअरिंगच्या मुलांना सव्वीस वर्षं नेटवर्क शिकवलं आणि तरी एकदा विजेच्या बिलाच्या खोट्या लिंकवर बोट ठेवलंच होतं.

मुलगी म्हणते ते केंद्र बहुधा ‘डिश’, म्हणजे डिजिटल सिक्युरिटी हब. (आपल्याला आधी गच्चीवरची छत्री आठवते!) ते २०२२ मध्ये सुरू झालं. बार्कलेज बँकेची नवउद्योगांना मदत करणारी शाखा, ईगल लॅब्ज, पुढाकार घेते, मँचेस्टर आणि लँकेस्टर ही विद्यापीठं सोबत, शहराच्या महापालिकेचा हातभार. नवख्या कंपन्यांकडे कल्पना असते, पण ती ठोकून बघायला माणूस नसतो आणि सवडही नसते. विद्यापीठ माणूस देतं. व्हायरस मुद्दाम सोडून त्याचे उद्योग पाहायचे, तर बाहेरच्या जगाशी तोडलेलं नेटवर्क लागतं. तेही प्रयोगशाळेतच सापडतं. मला जास्त आवडलेला उपक्रम याच्या आधीचा. तिथल्या चार विद्यापीठांनी मिळून लघुउद्योगांसाठी ‘सायबर फाउंड्री’ चालवली होती. नाव तुमच्या ओळखीचं आहे, हेतूही तुमच्यासारख्यांसाठीच होता. मुलीला म्हणावं, प्रोजेक्ट जरूर कर, पण एखाद्या छोट्या कारखानदाराचा प्रश्न घेऊन कर. घरचाच आहे की!

पुण्यात हुशारी कमी नाही. संगणक-संशोधनाची सरकारी संस्था सी-डॅक १९८८ पासून इथलीच, विद्यापीठाच्या आवारात वाढलेली. आणि विद्यापीठाच्याच गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस बँकेचं मुख्यालय. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी एटीएमच्या व्यवहारांना परस्पर ‘हो’ म्हणणारी खोटी यंत्रणा बसवली आणि तिच्या आडून २८ देशांत पैसे काढले. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून हाँगकाँगला वळवलेले धरून एकूण सुमारे ९४ कोटी. बँक आणि प्रयोगशाळा एकाच रस्त्यावर असून भागत नाही, त्यांचं जाणं-येणं हवं. माझ्या मते कुठल्याही हबची परीक्षा एवढीच : अकरा माणसांचा वर्कशॉपवाला पावणेचार लाखांची तक्रार घेऊन दारात आला, तर त्याला कुणी खुर्ची देतं का? उद्घाटनाची फीत कुणी कापली, याच्याशी मला कर्तव्य नाही.

आता तुमचा मेल. पाठवणाऱ्याचा पत्ता चष्मा लावून, एकेक अक्षर वाचा. कंपनीच्या नावात इंग्रजी ‘एम’ असेल, तर त्याच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवलेले असू शकतात. लहान अक्षरांत फरक कळत नाही. पत्ता तंतोतंत खरा निघाला तर जास्त काळजी करा, कारण मग दोघांपैकी कुणाची तरी मेलपेटी चोराच्या हातात असू शकते. सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ उघडा. तुम्ही न केलेला एखादा नियम तिथे दिसू शकतो : स्टीलवाल्याचे मेल आले की गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचे. म्हणजे खऱ्या माणसाची ‘पैसे कुठायत’ ही विचारणा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. नियम दिसला तर आधी फोटो काढा, मग तो पुसा, पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. स्टीलवाल्यालाही हेच करायला सांगा.

पुन्हा कधी असं घडलं, तर त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. जुनी तक्रार अजून केली नसेल, तर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारण्याआधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. आणि तो मूळ मेल पुसू नका. तुम्ही प्रिंट काढून फाइलला लावली असणार, पण मेल कुठल्या सर्व्हरवरून आला हे प्रिंटवर उमटत नाही.