रात्री बारा वाजता उठवून काय साधतं?

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. आठवड्यातून तीन-चार रात्री अंथरूण ओलं करतो, पहिल्यापासूनच. दिवसा काही तक्रार नाही. सासूबाई पाचनंतर त्याला पाण्याचा थेंब देत नाहीत, बारा वाजता मी उचलून शूला नेते. चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी सगळी मुलं एका खोलीत झोपतात. तोवर हे थांबेल का? – एक आई, डिचोली

उत्तर : थांबेलच असं नाही, पण चवथ निभावता येईल. सातव्या वर्षी शंभरातल्या पाच ते दहा मुलांचं असं होतं. मूत्राशय भरलं तरी मेंदू जागा होत नाही, काहींच्या शरीरात रात्री लघवीही जास्त तयार होते. आळस किंवा हट्ट नाही, त्यामुळे ओरडून उपयोग नाही. त्याच्या बाबांना किंवा मामांना लहानपणी हे होतं का, विचारून पाहा. असलं तर त्याला जरूर सांगा.

बाराला उठवल्यानं चादर वाचते, बाकी काही साधत नाही. उचलून नेलेलं मूल बहुतेकदा झोपेतच शू करतं.

पाणी तोडू नका, वेळ बदला. शाळेत कमी पिणारा मुलगा संध्याकाळी तहान भागवतो. दिवसाला साधारण सव्वा लिटर जायला हवं, त्यातलं बरंचसं पाचच्या आत. अर्ध्या लिटरची बाटली शाळेतून रिकामी परत यायला हवी. झोपण्याआधी तासभर पाणी नको, पण रात्रीची पेज आणि सोलकढीही पाणीच, हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही! संध्याकाळचा चहा बंद. दर दोन-अडीच तासांनी शू, आणि झोपताना पुन्हा एकदा.

मग शौच पाहा. अनेक मुलांत खरी गोम इथेच असते. आतड्यात साठलेला कडक मळ मूत्राशयावर दाब देतो. खडे पडत असतील, दोन-तीन दिवसांआड होत असेल, तर आधी हे सुधारा : पाव कमी, तांबडी भाजी, केळं, आणि जेवणानंतर दहा मिनिटं पाय टेकवून बसणं. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांकडून मळ मऊ करणारं औषध घ्या; ते काही आठवडे चालतं, दोन दिवसांत बंद करू नका.

सुट्टीच्या दिवशी मापाच्या भांड्यात शू मोजा. सकाळची पहिली सोडून. या वयात मूत्राशयात साधारण किती मावायला हवं ते काढायला वयात एक मिळवून तिसानं गुणा : सातव्या वर्षी २४० मि.ली. त्याची सगळ्यात मोठी शू दीडशेच्याही खाली असेल तर मूत्राशय कमी साठवतं; तिथे ओल लागताच वाजणारा अलार्म चांगला. सुरुवातीला तो तुम्हालाच जागं करतो, मुलाला नाही. उठून त्याला हलवावं लागतं. सलग १४ कोरड्या रात्री होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने तरी धीर धरा.

चवथीपुरतं डेस्मोप्रेसिन (रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून द्यायची गोळी) चालू शकतं, बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं. मात्रा जुळते का ते घरीच आधी पाहून ठेवा. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर आठ तास घोटभरच पाणी, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. ताप, वांती, जुलाब असताना गोळी नको.

अंथरूण असं घाला : रबरी चादर, सुती चादर, पुन्हा रबरी, पुन्हा सुती. रात्री वरची जोडी ओढून काढली की खालची तयार. पावसात कापसाची गादी सुकता सुकत नाही, म्हणून हे आधीच करा. त्याला दाराजवळ, बाबांशेजारी झोपवा.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी वर्षभर कोरडी होती. आठवडाभर रोज अंथरूण ओलं, आणि सारखी तहान. – पेडणे

उत्तर : वर लिहिलेलं तुम्हाला लागू नाही; हा मधुमेह असू शकतो. आजच जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तातली आणि लघवीतली साखर तपासा. काही मिनिटांचं काम आहे. वांती, पोटदुखी, धाप किंवा ग्लानी असेल तर वाट न पाहता थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. साखर ठीक निघाली तर त्याच नमुन्यात लघवीचा जंतुसंसर्ग तपासायला सांगा.